रुपरावची सही

१८ जून १९७९, सोमवार

खत कंपनीने पाठवलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटावर पडून होती. माझी बायको सुभद्रा तिच्यावर पापडांचा डबा ठेवायची. आज झटकून काढली, कारण घरात लिहून ठेवण्यासारखं काहीतरी घडलं आहे. आमची प्रेमिला बारावी झाली. शनिवारी निकाल लागला, एकाहत्तर टक्के. माझे मॅट्रिकचे टक्के मी कोणाला सांगत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

डायरीत स्वतःची ओळख करून देत नाहीत म्हणे. पण माझ्या बाबतीत ते जरा गुंतागुंतीचं आहे. कागदोपत्री मी गोपाळ लहानूजी भोयर, वय शेहेचाळीस, मूळचा काटोलकडचा, नागपूरच्या रेडिओ स्टेशनवर नाट्यकलावंत. या नावाने मला पोस्टमन आणि सासरा सोडून कोणी ओळखत नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला 'शिवारफेरी' लागते, त्यातला रुपराव मी. रुपराव हा अडाणी शेतकरी. तो सगळं उलटं करतो. खत भलत्या वेळी टाकतो, फवारणी वाऱ्याकडे तोंड करून करतो. मग कोणी साहेब येऊन त्याची चूक काढतात आणि तो म्हणतो, "असं हाय काय जी? मले तं कोनी सांगतलंच नाई." हे वाक्य चौदा वर्षं झाली, वर्ध्यापासून गोंदियापर्यंत लोक एकमेकांना ऐकवतात. म्हणजे मी प्रसिद्ध आहे. मूर्ख म्हणून प्रसिद्ध आहे, पण प्रसिद्ध आहे.

प्रेमिलाला जनावरांच्या डॉक्टरीला जायचं आहे. कॉलेज आमच्या घरापासून सायकलने अर्ध्या तासावर. मागच्या वर्षी तिथे मुली दोनच होत्या. सुभद्रा म्हणाली, "पोरगी म्हनते तं जाऊ द्या." मी म्हणालो, जाऊ देणं तुझ्या-माझ्या हातात नाही, तिथे ओळख लागते. आणि मग मला एकदम आठवलं की ओळख तर आपल्याकडे पोत्याने आहे. अख्खा विदर्भ ओळखतो.

२० जून, बुधवार

संध्याकाळी घरी तालीम केली. माझी वाक्यं मी म्हणतो, डॉक्टरसाहेबांची प्रेमिला वाचते. वाचता यायला लागलं तेव्हापासून तीच वाचते. आधी 'जंतनाशक' म्हणताना अडखळायची, आता मीच अडखळतो. उद्याच्या भागात रुपरावच्या गाईचं पोट फुगतं. प्रेमिला मधेच थांबली.

"बाबा, हे चुकलं आहे."

"काय चुकलं?"

"यात गाईला बसवून ठेवा असं लिहून ठेवलं. पोट फुगलं तर तिला उभी ठेवावं लागते. चौऱ्याहत्तरच्या पोळ्याच्या आठवड्यात डॉक्टर काळमेघांनी सांगितलं होतं. गोडेतेल पाजायचं अन् उभी ठेवायची."

तिला सनासकट आठवतं. मी ती वाक्यं चार वेळा रेडिओवर ऐकली असतील, ऐकून "असं हाय काय जी" म्हटलं असेल आणि घरी येऊन विसरलो असेन. रुपरावचं काम इतकं अंगात मुरलं आहे.

मला एकच कळत नाही, या पोरीच्या डोक्यात हे ढोरांचं भूत घातलं कोणी. आमच्या घरात साधी कोंबडी नाही. सुभद्राच्या माहेरचं असेल काही.

२५ जून, सोमवार

आज फॉर्म गेला. शेवटचा दिवस होता. आठ दिवस तो माझ्या टेबलावर होता आणि मी रोज म्हणत होतो, करू सही, घाई काय आहे. शेवटी चार वाजता प्रेमिला सायकल दामटत रेडिओ स्टेशनवर आली. मी कॅन्टीनमध्ये होतो. सावनेरकडचे पाच-सहा शेतकरी रेकॉर्डिंगला आले होते, त्यांनी मला घेरलं होतं. त्यांच्यातले एक म्हातारे माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "रुपराव, तुमी तं फारच बारीक निंगाले बाप्पा." लोकांच्या मनात रुपराव जाडा आहे. धोतर, मिशा, पोट, सगळं त्यांनीच दिलेलं. मी पँट घालतो, दाढीमिशी काढतो, हे त्यांना फसवणूक वाटते.

मग सह्या मागितल्या. कोणी वहीवर, कोणी बियाण्याच्या पिशवीवर. त्यातच प्रेमिला कोपराशी उभी राहून, "बाबा, इथं, इथं अन् इथं." एका बैठकीत आठ सह्या झाल्या, पाच चाहत्यांच्या आणि तीन फॉर्मवरच्या. हात दुखला, पण बरं वाटलं. पोरीने पाहिलं की बापाची सही मागायला लोक रांग लावतात.  कॉलेजची खिडकी पाचला बंद होणार म्हणून ती शाई वाळायच्या आत कागद पिशवीत टाकून पळाली.

२८ जून, गुरुवार

डॉक्टर मनोहरराव काळमेघ रेकॉर्डिंगला आले होते. त्या कॉलेजात ते शिकवतात आणि महिन्यातून दोनदा माझी गाय बरी करायला स्टुडिओत येतात. चौदा वर्षांत ते मला माइकच्या बाहेरही रुपरावच म्हणतात. मी विषय काढला. म्हणालो, साहेब, मुलीचा फॉर्म टाकला आहे, जरा लक्ष असू द्या.

त्यांनी चष्मा काढला आणि स्टुडिओत बोलतात त्याच आवाजात, तसंच सावकाश, सुरू केलं. "हे बघा रुपराव. समजा, तुमच्याकडे शंभर बैल आहेत आणि गोठ्यात जागा साठ बैलांची आहे. तुम्ही काय कराल?"

मी म्हणालो, "ताकदीचे साठ आत बांधीन."

"शाब्बास. यालाच मेरिट लिस्ट म्हणतात."

"असं हाय काय जी?" मी म्हणालो. सवयीने तोंडातून निघतं.

"मुलीला एकाहत्तर आहेत ना? मग माझी गरज नाही, तुमचीही नाही. फॉर्म तेवढा नीट भरलेला असला म्हणजे झालं."

मी म्हणालो, त्याची काळजी नको, तीन सह्या माझ्या स्वतःच्या हातच्या आहेत. ते "मग झालं तर" म्हणाले आणि चहा न घेता गेले. मोठी माणसं उघड बोलत नाहीत. 'मग झालं तर' यातच सगळं आलं.

२ जुलै, सोमवार

शेजारच्या रुखमाबाईंना, दूधवाल्याला, स्टेशनच्या दोन्ही चौकीदारांना आणि सासऱ्यांना सांगून टाकलं की प्रेमिलाचं काम झालं आहे. सासऱ्यांना पत्राने कळवलं. सुभद्रा म्हणाली, "यादी लागू द्या ना आधी." हिला प्रसिद्ध माणसाची बायको होणं काही जमलं नाही.

९ जुलै, सोमवार

यादी लागली. नाव नाही.

तीनदा वाचली. साठ नावं. शेवटच्या मुलाला त्रेसष्ट टक्के. प्रेमिलाचे एकाहत्तर, आणि नाव नाही. त्याच फळ्यावर शेजारी एक लहान कागद टाचलेला होता, अपूर्ण अर्जांची वगैरे यादी. त्याच्याशी आपला संबंध नाही म्हणून मी पाहिला नाही. प्रेमिला मागे राहून तोच वाचत होती.

घरी येऊन संपादकांना पत्र लिहायला घेतलं. 'एका कलावंताच्या कन्येवर अन्याय' असा मथळाही सुचला. मग हा अन्याय कोणी केला असेल याचा विचार केला. माणूस मोठा झाला की त्याला शत्रू होतात. माझे मोजले तर एकच निघाला, आमच्या कार्यक्रमात सरपंचाचं काम करतो तो. पण त्याला स्वतःच्या मुलाच्या शाळेत कोणी विचारत नाही, तो कॉलेजात काय करणार. पत्र अर्धंच ठेवलं.

प्रेमिला जेवली नाही. मला तिच्याकडे बघवेना.

१० जुलै, मंगळवार

हे लिहायला दुसरी शाई असती तर बरं झालं असतं.

प्रेमिला सकाळी एकटीच कॉलेजात जाऊन आली. आल्यावर माझ्यासमोर बसली आणि मास्तरणीसारखी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही फॉर्मवर सही काय केली होती?"

"सही म्हणजे सही. माझी सही."

"कोणत्या नावाची?"

"काय विचारून राहिली तू हे? मले माझं नाव माईत नाई काय?"

"रुपराव लिहून ठेवलं आहे, बाबा. तिन्ही ठिकाणी. खाली दोन रेघा ओढून."

त्या दोन रेघांवरून मला पटलं. त्या मीच ओढतो. दुसरी पहिलीपेक्षा जरा लांब असते, त्यासाठी एके काळी मी सराव केला होता.

फॉर्ममध्ये वडिलांचं नाव गोपाळ लहानूजी भोयर आणि खाली सही कोणा रुपरावची. कॉलेजवाल्यांना वाटलं, मुलीने भलत्याच माणसाकडून सही करून आणली. अर्ज बाजूला काढून ठेवला. त्यांचं काय चुकलं? मी तिथे असतो तर मीही काढला असता. तिला विचारलं म्हणे, "हे रुपराव तुमचे कोण?" ती म्हणाली, वडील. ते म्हणाले, मग गोपाळराव कोण? तीही वडीलच म्हणाली. यावर तिथले दोन कारकून हसले. हे सगळं तिला एकटीला उभं राहून ऐकावं लागलं.

दुसरी यादी सोमवारी लागेल. त्याआधी, शनिवारी दुपारी एक वाजेपर्यंत, हेडक्लार्कसमोर पालकाची सही झाली तर अर्ज धरतील. नाही झाली तर वर्ष गेलं.

मी म्हणालो, काही काळजी करू नको, पालक मी आहे. ती उठून आत गेली.

१२ जुलै, गुरुवार

काल आणि आज गेलो नाही. रेकॉर्डिंग होतं असं घरी सांगितलं. काल खरंच होतं. आज दुपार मोकळी होती, पण कॉलेजात काय बोलायचं ते अजून बसलं नव्हतं. नुसती सही ठोकून येणं मला पुरेसं वाटत नाही. हसले ना ते कारकून? त्यांना कळलं पाहिजे की रुपराव कोण आहे. म्हणून एक छोटं भाषण लिहिलं आहे. सुरुवात गंभीर, मधे थोडा विनोद, शेवटी कलावंताच्या दोन नावांविषयी चार शब्द. आरशासमोर दोनदा म्हटलं. मधला भाग छान होतो.

सुभद्रा माझ्या जुन्या स्क्रिप्टांच्या पाठकोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत बसली होती. मी आलो तसा कागद पदराखाली घेतला. किराण्याची यादी असेल. चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिला लिहिताना कोणी पाहिलेलं आवडत नाही.

१३ जुलै, शुक्रवार

चारला घरी आलो तर दाराला कुलूप. रुखमाबाई म्हणाल्या, "दोघी मायलेकी गेल्या ना कुठंशा रिक्षात. तुमची सुभद्राबाई तं लग्नातलं लुगडं नेसून गेली." घरात एवढा पेच पडला असताना या सीताबर्डीच्या बाजारात फिरायला गेल्या असतील तर धन्य आहे. पाचला परत आल्या. सुभद्राच्या बोटाला शाई लागली होती. मी विचारलं तर म्हणाली, "लागली असन कुठंतरी."

रात्रीचं जेवण झाल्यावर प्रेमिला म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही नाही गेले तरी..."

मी तिला मधेच थांबवलं. म्हणालो, "मी जाऊन राहिलो ना? बापावर भरोसा ठेव, बाई." मग तिला भाषणाचा मधला भाग म्हणून दाखवला. ती हसली. खूप दिवसांनी हसली. सुभद्राने तिला काही खूण केली असं मला वाटलं, पण दिव्याखाली नीट दिसलं नाही.

१४ जुलै, शनिवार

जसं घडलं तसं लिहितो. कोणाला दाखवायचं नाही, तेव्हा लपवून काय करू?

बारा वाजता कॉलेजात पोचलो. इस्त्रीची पँट, खिशात दोन पेनं. व्हरांड्यात स्टुलावर एक म्हातारा शिपाई बसला होता, वामनराव म्हणून. त्याला विचारलं, "हेडक्लार्कसायबाची खिडकी कुठंशी हाय गा?" मी साधंच विचारलं होतं. निदान मला तसं वाटतं.

त्याने मान वर केली. "हा आवाज आयकल्यासारखा वाटते. कोन जी तुमी?"

इथे मी गोपाळराव भोयर म्हणालो असतो तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मी म्हणालो, "रुपराव."

"रुपराव? पँट घालून?" तो हसला. "कायले मजाक करता? रुपराव असान तं बोलून दाखवा."

म्हणून मी बोलून दाखवलं. गोचिडांचा भाग. त्यात रुपराव म्हशीच्या गोचिडांवर रॉकेल ओततो आणि म्हैस त्याला तळ्यात घेऊन जाते. वामनराव मांडी बडवून हसला आणि त्याने आतून टायपिस्ट बायांना बोलावलं. मग प्रयोगशाळेतली माणसं आली. मग विद्यार्थी. कोणीतरी मला बसायला खुर्ची आणून दिली. मी तिच्यावर उभा राहिलो. कोणी म्हणालं पोटफुगी करा, मी पोटफुगी केली. कोणी म्हणालं ते फवारणीचं करा. चौदा वर्षं मी बंद खोलीत लोखंडी जाळीच्या माइकसमोर बोलतो, समोर काचेपलीकडे एक माणूस जांभई देत असतो. आज पहिल्यांदा लोक माझ्या तोंडावर हसत होते आणि मला ते बघता येत होतं. माझं भान गेलं. यापेक्षा वेगळं कारण मी शोधलं, पण नाही सापडलं.

शेवटी मी भाषणही केलं. कलावंताच्या दोन नावांविषयी चार शब्द. त्यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या संपल्या तेव्हा कुठेतरी घंटा झाली होती, पण ती मला टाळ्यांतलीच वाटली होती. खाली उतरून खिडकीपाशी गेलो तर खिडकीला फळी लागली होती. एक वाजून दहा मिनिटं. हेडक्लार्क मागच्या दाराने घरी गेले होते.

वामनराव म्हणाला, "सोमवारी या जी."

"आज शेवटचा दिवस हाय गा. पोरीचा फॉर्म हाय."

तो स्टुलावरून उठला. "मंग इतका येळ काहून नाई बोलले तुमी?"

यावर माझं ते प्रसिद्ध वाक्य तोंडाशी आलं होतं. ते गिळलं.

सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. चढावर बसायचा धीर होईना आणि उतारावर लाज वाटली. दारातच सुभद्राने विचारलं, "झालं काय जी काम?"

"झालं," मी म्हणालो. "सही देऊन आलो."

प्रेमिलाने आईकडे पाहिलं. सुभद्रा माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं झालं बाप्पा," आणि तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. दोघींनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास आहे, याचंच मला फार वाईट वाटलं.

१५ जुलै, रविवार

दिवसभर अंगात ताप असल्यासारखं वाटलं. सुभद्राने हात लावून पाहिला, ताप नव्हता.

उद्या यादीत नाव नसणार. मग मी काय सांगणार? पोरीने दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केला आणि मी खुर्चीवर उभं राहून म्हशीचा आवाज काढला. तिचं वर्ष मी खाल्लं. दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच हात आहे, आणि तोही दोनदा. तिचा बाप एखादा साधा कारकून असता, कोणी न ओळखणारा, तर ती आज पुस्तकं आणायला गेली असती.

दुपारी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "समज बाई, यंदा नाही मिळालं तर?"

"मिळेल ना, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही पडा जरा." तिचा धीर पाहून मला रडू आलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं.

१६ जुलै, सोमवार

नाव आहे.

दुसऱ्या यादीत अगदी वर, पहिलं. भोयर प्रेमिला गोपाळ. मी फळ्यासमोर उभा राहून ते चार वेळा वाचलं आणि बाजूच्या मुलालाही वाचायला लावलं, कारण माझ्या डोळ्यांचा मला भरोसा नव्हता.

म्हणजे शनिवारचं वाया गेलं नाही. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला, पण दुसरं काय असणार? कोणीतरी त्या गर्दीत होतं. कदाचित प्रिन्सिपॉल स्वतः मागे उभे असतील. त्यांनी म्हटलं असेल, हा रुपराव आणि हे गोपाळराव एकच आहेत हे तर अख्ख्या कॉलेजाने पाहिलं, आता वेगळी सही कशाला? कलेची ताकद म्हणतात ती हीच. मी उगीच दोन दिवस स्वतःला शिव्या दिल्या.

रुखमाबाईंना सांगितलं की आपण खुर्चीवर उभं राहून ॲडमिशन मिळवली. त्या म्हणाल्या, "काहीही सांगता तुमी."

प्रेमिला खूप आनंदात आहे. मला नमस्कार केला, आईला केला. आईला जरा जास्त वेळ केला.

१८ जुलै, बुधवार

संत्रा बर्फीचा डबा घेऊन कॉलेजात गेलो. म्हटलं, हेडक्लार्कना भेटून आभार मानावेत, आणि जमलं तर शनिवारी मागे कोण उभं होतं तेही विचारावं. हेडक्लार्कांचं नाव दत्तोपंत. किरकोळ, शांत माणूस. मी ओळख दिली. या वेळी गोपाळराव भोयर अशीच दिली.

"हो हो, प्रेमिलाचे वडील," ते म्हणाले. "शनिवारी तुमचा कार्यक्रम झाला म्हणे इथे. मी काही आलो नाही. मला रेडिओचा नाद नाही."

मी म्हणालो, तरी तुम्ही मुलीचा अर्ज धरलात, उपकार झाले.

"उपकार कसले? शुक्रवारीच झालं ना ते. बाई आल्या होत्या मुलीबरोबर. पाच मिनिटांचं काम."

मी विचारलं, कोण बाई.

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग कपाटातून अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला. नवं पान जोडलेलं होतं. खाली छापलं होतं, 'वडील / आई / पालक यांची सही. लागू नसेल ते खोडावे.' जूनमध्ये हे पान माझ्यासमोरही आलं असणार. मी त्यातला 'वडील' हा शब्दसुद्धा वाचला नव्हता, पुढच्या दोघांचं तर सोडाच.

'वडील' खोडलेलं होतं. प्रेमिलाने रेघ पट्टी लावून ओढली होती. हाताने ओढली असती तर म्हणता आलं असतं, रागात ओढली. ही अगदी सरळ होती, प्रयोगवहीत ओढतात तशी. मला ती रेघ लागली. ज्या माणसाने तीन ठिकाणी स्वतःलाच खोडून ठेवलं होतं, त्याला चौथ्यांदा एवढं लागायला नको होतं, पण लागलं.

आणि खाली सुभद्राची सही. मोठी, रकान्याच्या बाहेर गेलेली, प्रत्येक अक्षर सुटं. सुभद्रा गोपाळ भोयर. वीस वर्षांत हिने माझं नाव तोंडाने घेतलं नाही. घ्यायची वेळ आली की 'प्रेमिलाचे बाबा' म्हणते, रेशन दुकानात प्रेमिलाला पुढे करते. तिच्या हातचं माझं नाव मी आज पहिल्यांदा पाहिलं.

बर्फी तिथेच ठेवली. वामनरावने व्हरांड्यात विचारलं, "काय रुपराव, आज काही नाई?" मी म्हणालो, आज काही नाही.

घरी आलो. सुभद्रा मेथी निवडत होती, प्रेमिला शेजारी बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "शनिवारी मी खोटं बोललो. सही नाही झाली माझी."

"माईत हाय," सुभद्रा म्हणाली.

"मग मले जाऊ काहून दिलं?"

 प्रेमिला म्हणाली, "तुम्ही एवढी तयारी करून राहिले होते, बाबा."

ती उठून चहा ठेवायला गेली. मी सुभद्राजवळ बसलो, मेथीची एक काडी हातात घेतली. विचारलं, सही करताना हात कापला काय वं?

"घरी कापला," ती म्हणाली. "बोलाचं झालं तं सारे 'गोपाय'च म्हनते ना तुमाले. लिवाले ळ पाह्यजे म्हने पोरगी. तो ळ काही केल्या येये नाई. बाकीचं सारं पह्यल्याच दिशी आलं. तीन दिस तुमच्याच नावात गेले."

त्या तीन दिवसांत मी आरशासमोर भाषण पाठ करत होतो.